मिस्त्रीकाकांना विचारा : पुराआधी डिकीत काय भरायचं?

या महिन्यातली बहुतेक पत्रं पुराची आहेत. क्लच घासतो, ॲव्हरेज पडलंय असल्या तक्रारी पुढच्या अंकात घेऊ. नदीकाठच्या वाचकांनी विचारलंय, की घर सोडायची वेळ आली तर गाडीत काय काय असावं. सांगलीत गॅरेज चालवण्यात माझा जन्म गेला. पुरातून आलेल्या गाड्या उघडून बघणं हा आमच्या धंद्याचा भागच आहे. तेव्हा जे हाताखालून गेलंय त्यावरून सांगतो.

आमचं घर गावभागात, दुसऱ्या मजल्यावर आहे. गाडी खाली पार्किंगमध्ये असते. सासूबाई ७८ वर्षांच्या, त्यांना इन्सुलिन चालू आहे. ह्यांनी मोबाइलवरून एक यादी काढली आहे : तंबू, कुऱ्हाड, होकायंत्र, छोटी शेगडी. मला हसू येतं, पण भीतीही वाटते. जूनपासूनच गाडीत काय भरून ठेवू?
— एक गृहिणी, सांगली

वहिनी, तंबू आणि कुऱ्हाड घेऊन साहेबांना दिवाळीनंतर दंडोबाच्या डोंगरावर पाठवा. पुरात त्याचा काही उपयोग नाही.

सामानाचं नंतर बोलू, आधी गाडीचं. २०१९ च्या ऑगस्टात पाणी उतरल्यावर आमच्याकडे टोचन करून गाड्या आल्या. डिक्या उघडल्या तर कितीतरी गाड्यांत सामान अगदी नीट भरलेलं. बॅगा, बिस्किटांचे पुडे, पाण्याचे बॉक्स, एकीत इस्त्रीच्या कपड्यांच्या घड्या. सगळं गाळात. म्हणजे तयारी झाली होती, गाडी तेवढी पार्किंगमधून हलली नव्हती. का, तर घरातली पुरुषमंडळी कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पाणी बघायला गेली होती आणि ‘अजून दोन फूट आहे’ असं म्हणत परत येऊन जेवायला बसली होती. आपल्या गावाला पाणी बघायची भारी हौस. शेंगा खात, फोटो काढत बघतो आपण.

म्हणून तुमच्या यादीत पहिली ओळ अशी लिहा : गाडी कधी हलवायची आणि कुठं लावायची. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे सांगलीच्या पोरालाही पाठ आहे. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५५ च्या आसपास. माझा स्वतःचा नियम ३५ फुटांचा. पाणी चढतं आहे, कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आहे आणि आयर्विनला ३५ झालेत, की गाडी बाहेर. कर्नाळ रोड, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट अशा सखल भागातल्यांनी एवढंही थांबू नये. त्यांच्याकडं पाणी आधी येतं. कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीत पोचायला बरेच तास लागतात. ही सवलत आपल्याला निसर्गानं दिलेली आहे, ती पुलावर उभं राहून संपवू नका.

लावायची कुठं, तेही आजच ठरवा. विश्रामबागेत, कुपवाडला किंवा मिरजेत कुणी ओळखीचं असेलच. फोन करून सरळ विचारून ठेवा, ‘पाणी वाढलं तर आमची गाडी तुमच्या दारात लावू का?’ कुठल्याही इमारतीचं तळघर मात्र नको, मग ती कितीही उंचावर असो. आणि तुमच्या पार्किंगमध्ये एकामागं एक गाड्या लागतात का ते बघा. मागच्या गाडीवाला सुट्टीला गावाला गेला आणि किल्ली घेऊन गेला, की तुमची गाडी आतच. जून ते सप्टेंबर किल्ल्या एकमेकांच्या घरी ठेवायच्या, असा सोसायटीत ठराव करून घ्या.

आता सामान. यात माझी अट एकच : डिकीतली प्रत्येक वस्तू ती उचलणाऱ्याच्या खांद्यावर मावली पाहिजे. गाडी तुम्हाला पहिल्या काही किलोमीटरपुरतीच नेते. पुढं रस्ता बंद निघाला, गाडी सोडावी लागली, निवारा केंद्राचा जिना चढायचा झाला, तर सामान तुम्हीच वाहणार. म्हणून वीस लिटरचा जार नको, तो वीस किलोचा होतो. एक-दोन लिटरच्या बाटल्या घ्या. माणशी दिवसाला तीन-चार लिटर पाणी धरा, दोन दिवसांचं पुरे. सोबत क्लोरीनच्या गोळ्या. किती लिटरला एक ते पाकिटावर असतं.

सासूबाईंची पिशवी वेगळी करा आणि ती डिकीत न टाकता त्यांच्या मांडीवर द्या. पंधरा दिवसांच्या गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो आणि मूळ चिठ्ठीही, साखर तपासायचं यंत्र, पट्ट्या, सुया, जादा चष्मा, थोडी साखर किंवा ग्लुकोज. कवळी असेल तर तिची डबी. ही डबी लोक हमखास विसरतात आणि मग म्हातारं माणूस चार दिवस पातळ आमटीवर काढतं. इन्सुलिनचं असं, की न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये हवी, पण चालू असलेली साधारण चार आठवडे घरातल्या गार जागेत चालते. नेमकं तुमच्या औषधाचं डॉक्टरांना विचारून घ्या. उन्हात लावलेल्या गाडीत मात्र ती तासभरही ठेवू नका. फ्रीज नसेल तिथं ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मातीचं छोटं मडकं, त्यात कोरड्या डब्यात बाटली, हा उपाय खेड्यापाड्यांतले डॉक्टर आजही सांगतात.

कागदपत्रं जाड झिपच्या पिशवीत. आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, गाडीचा आणि घराचा विमा, मुलांचे दाखले. डिजीलॉकरमध्ये आधार आणि लायसन्स ठेवाच, पण मोबाइल बंद पडला तर लॉकर कुठं उघडणार? एकेक झेरॉक्स असू द्या. पंचनाम्याच्या वेळी आधार आणि पासबुक मागतात. आजच घरातून एक चक्कर मारून फ्रीज, टीव्ही, वॉशिंग मशीन, कपाटं यांचे फोटो काढून बहिणीच्या मोबाइलवर पाठवून द्या. पाणी येऊन गेल्यावर ‘आमच्याकडं काय काय होतं’ हे सिद्ध करायला तेच कामी येतात.

रोख पैसे घ्या, दहा-वीस-पन्नासच्या नोटांत. वीज गेली, टॉवर बसला, की एटीएमही बंद आणि मोबाइलवरचे पैसेही. पाचशेची नोट चहावाला मोडून देत नाही.

खाण्याचं तुम्हाला मी काय शिकवणार? भडंग, शेंगदाण्याचे आणि राजगिऱ्याचे लाडू, दशम्या. शिजवावं लागेल असं काही नको. पण वहिनी, हे खाणं जूनपासून गाडीत भरून ठेवू नका. पावसाळ्यात उंदीर असेही बॉनेटखाली ऊब शोधत येतात, त्यात भडंगाचा वास लागला तर वायरिंग कुरतडून ठेवतील. ऐन वेळी गाडी चालू व्हायची नाही आणि मला शिव्या घालाल. खाणं, औषधं, पॉवर बँक हे घरात दाराशी एका पिशवीत ठेवा. गाडीत कायमचं राहू दे ते असं : स्टेपनी (हवा भरलेली), जॅक, पाना, टोचनाचा दोर, जंपर केबल, टॉर्च, मोबाइलचा गाडीतला चार्जर, एक ताडपत्री, दहा मीटर नायलॉनची दोरी, दोन चादरी, प्रत्येकाला पायात घट्ट बसणारे जुने बूट आणि एक काठी. काठी कशाला? पाण्याखाली गटाराचं झाकण आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, काठीला कळतं. चपला पाण्यात पहिल्या दहा पावलांत जातात.

सॅनिटरी पॅड आणि सासूबाईंना लागत असतील तर मोठ्यांचे डायपर घ्या. पुरुषांनी केलेल्या याद्यांत हे कधीच नसतं.

निघताना मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद. सिलिंडर गाडीत घालू नका, बंद काचांच्या गाडीत तो नकोच.

माझ्याकडे पिकअप आहे. घरात आई-वडील, बायको, दोन मुलं आणि गोठ्यात तीन म्हशी, एक गाय. तुम्ही लोक बॅगांच्या याद्या देता. म्हैस बॅगेत बसत नाही.
— एक शेतकरी, शिरोळ तालुका

दादा, बरोबर बोललात. शिरोळ, पलूस, वाळव्याकडची माणसं वेळेवर घर का सोडत नाहीत याचं उत्तर गोठ्यात असतं. शहरातल्या माणसाला ते कळत नाही आणि तो म्हणतो, ‘लोक ऐकत नाहीत.’ ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली. गावाला पाण्यानं वेढा घातल्यावर बाहेर पडायला बोटच उरते, आणि बोटीत म्हशीला जागा नसते. म्हणून जनावरं माणसांच्या आधी निघाली पाहिजेत. हे ऐकायला उलटं वाटेल.

असं करा. नरसोबावाडीला दक्षिणद्वार झाल्याचं, म्हणजे नदीचं पाणी दत्तमंदिरात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडल्याचं, कानावर आलं आणि पाऊस थांबायचं नाव घेत नसला, की लोक स्नानाला वाडीची वाट धरतात. तुम्ही त्या दिवशी पिकअपची वाट धरा. पहिली खेप जनावरांची, उजेडात, रस्ता कोरडा असताना. जयसिंगपूरकडं किंवा तुमच्या पाहुण्यांकडं, जिथं उंचवटा आहे तिथं. त्यांच्यासोबत घरातलं एक धडधाकट माणूस, दोन-तीन दिवसांचा कडबा, पेंडीचं पोतं, बादली, जादा दावी. हौद्यात खाली पोती किंवा पाचट अंथरा, ओल्या पत्र्यावर म्हैस घसरली तर पाय मोडून घेते. प्रत्येक जनावराचा कानातला बारा आकडी बिल्ला दिसेल असा फोटो काढा. पुढं छावणीत नाव लावायला किंवा भरपाई मागायला तो नंबर लागतो.

दुसऱ्या खेपेला म्हातारी माणसं, मुलं आणि वर वहिनींना सांगितलेल्या पिशव्या. पिकअपच्या हौद्यात माणसं बसवणार असाल तर सामान मधे आणि माणसं कडेला असं नको, उलट करा. सामान कडेला बांधा.

आणि काहीच करायला वेळ उरला नाही, तर दावी सोडा. कापा. बांधलेलं जनावर जागच्या जागी बुडतं, सुटलेलं पोहून कुठंतरी टेकाड गाठतं. म्हैस तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली पोहते.

चिपळूणला माझं दुकान आणि वर घर आहे. २२ जुलै २०२१ ला पहाटे उठून बघतो तर गाडी पाण्यात. तुम्ही सांगलीचे लोक फूट मोजत बसता, आम्हाला मोजायला वेळच मिळत नाही. आम्ही काय करायचं?
— एक दुकानदार, चिपळूण

तुमचं म्हणणं रास्त आहे. कृष्णा सांगून येते. कोकणातली नदी डोंगरावरून उतरते आणि थोडक्यात समुद्राला मिळते. तिच्या अंगावर वरून पाऊस, खालून भरती. त्या २२ जुलैला पौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे दिवस. शिवाय वर कोळकेवाडीचं धरण.

म्हणून तुमचा इशारा फुटांत मोजायचा नाही, भरतीच्या वेळापत्रकात बघायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस, हवामान खात्याचा रेड अलर्ट, आणि भरती रात्री किंवा पहाटे : हे तिन्ही जुळून आले, की संध्याकाळी दुकान बंद करताना गाडी चढावर नेऊन लावा आणि चालत घरी या. नुसता पाऊस पडून गेला तर सकाळी जाऊन आणायची. दहा वेळा फुकट चालावं लागलं तरी एका इंजिनापेक्षा ते स्वस्त आहे, हे मी इंजिनं उघडणारा माणूस सांगतोय.

गाडीतून गावाबाहेर पळायचं मात्र मनात आणू नका. कुंभार्ली घाट आणि परशुराम घाट, दोन्हीकडं तशा पावसात दरड यायची भीती. तुमच्यासाठी गाडी ही पळायचं साधन नाही, उंचावर ठेवलेली खोली समजा. तिच्यात कोरडे कपडे, पाणी, औषधं, दुकानाच्या वह्यांच्या झेरॉक्स, जीएसटीचे कागद, स्टॉकची यादी ठेवा. पाणी उतरल्यावर दुकानात हात घालायला कोरडं काहीतरी असेल. आणि दोन-तीन घमेली, फावडं, गमबूट. पूर ओसरल्यावर सगळ्या बाजारपेठेत हे शोधूनही मिळत नाही, कारण विकणाऱ्यांची दुकानंसुद्धा गाळात असतात.

गाळात उतरण्याआधी जवळच्या आरोग्य केंद्रात लेप्टोच्या (गढूळ पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाच्या) गोळीचं विचारा. पायाला जखम असेल तर नक्कीच.

माझी एसयूव्ही आहे, ग्राउंड क्लिअरन्स २०० मिलिमीटर. किती पाण्यातून काढू शकतो? आणि काच फोडायचा हातोडा ऑनलाइन मिळतो तो घ्यावा का? डिकीत ठेवतो.
— एक तरुण, कोल्हापूर

तुझं पत्र वाचून मला काळजी वाटली म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नको.

२०० मिलिमीटर म्हणजे आठ इंच, गाडीचं पोट रस्त्यापासून तेवढंच वर. जाहिरातीत गाडी ओढ्यातून पाणी उडवत जाते, ती जागा त्यांनी आधी मोजलेली असते. वाहतं पाणी एक फुटाचं असलं तरी छोटी गाडी सरकते. दोन फुटांत तुझ्यासारखी मोठी गाडीसुद्धा तरंगायला लागते, कारण चाकाचा भार रस्त्यावर उरत नाही. एकदा चाक उचललं की स्टिअरिंग, ब्रेक, फोर बाय फोर, सगळं शोभेचं. शिवाय खालचा रस्ता शाबूत आहे हे तुला कुणी सांगितलं? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि त्यावरच्या एसटी बस नदीत गेल्या. अंधारात पुढचा पूल नाही हे चालकाला कळायला मार्ग नव्हता. पुलाला पाणी टेकलं असेल तर गाडी वळवायची, मागचा कितीही हॉर्न वाजवू दे.

पंचगंगेचंही तसंच. राजाराम बंधाऱ्याला इशारा ३९ फुटांना, धोका ४३ ला. २०१९ ला शिरोलीपाशी पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस ट्रक जागच्या जागी उभे होते. राष्ट्रीय महामार्ग बंद होतो तिथं तुझी एसयूव्ही काय करणार?

पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारायचा नाही. पुन्हा वाचून घे. बहुतेक गाड्यांत हवा ओढायची नळी हेडलाइटच्या आसपासच्या उंचीला असते. तिथून पाणी सिलिंडरमध्ये गेलं, तू सेल्फ मारलास, की पिस्टन वर येतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो. साफसफाईवर भागलं असतं, तिथं अख्खं इंजिन बदलावं लागतं. आणि साध्या फुल इन्शुरन्समध्ये हे नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. पॉलिसी काढून आज बघ, आहे का. पाण्यातली गाडी जशी आहे तशी फोटो काढून ठेवायची, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, टोचन करून गॅरेजला आणायची. गाडी विजेवर चालणारी असेल तर तिला हातही लावू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका. कंपनीच्या माणसाला बोलवा.

हातोडा घे, पण डिकीत कशाला? काच फोडायची वेळ येईल तेव्हा तू डिकीत बसलेला असशील का? ड्रायव्हरच्या हाताला बसल्या जागी लागेल असा ठेव. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात टोकाचा एक घाव पुरतो. समोरची काच थरांची असते, ती फुटून बाहेर पडता येत नाही, तिच्यावर जोर वाया घालवू नको. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही थरांच्या येतात, ते काचेच्या कोपऱ्यातल्या छाप्यावरून शोरूममध्ये विचार. मुळात पाणी दाराला लागलं, की पहिल्यांदा बेल्ट काढायचा आणि वीज चालू आहे तोवर काच खाली करायची. दार उघडायच्या नादाला लागू नको, बाहेरच्या पाण्याचा दाब ते उघडू देत नाही. खिडकीतून बाहेर, मुलं आधी. मग ११२ ला फोन. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ हाही मोबाइलमध्ये घालून ठेव.

पुरात पंप बंद पडतात. पाच लिटर पेट्रोल कॅनमध्ये भरून डिकीत ठेवलं तर?
— एक वाचक, इचलकरंजी

ठेवू नका. प्लॅस्टिकच्या कॅनमधून वाफ निघते, बंद गाडीत ती साठते आणि तुमच्यासोबत त्या गाडीत मुलं बसणार आहेत. पंप अडतात हे खरं. २०१९ ला महामार्ग बंद झाला तेव्हा टँकर येईनात आणि पंपांवर रांगा लागल्या. त्याला उपाय सोपा आहे. जून ते सप्टेंबर काटा अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही. सीएनजीवाल्यांनीही पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नये. सीएनजीचे पंप आधीच कमी, त्यात वीज गेली की कॉम्प्रेसर बंद.

मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की फोटोंचे अल्बम गाडीत घेऊ नका, जड होतात. काका, तुम्हाला गाड्या कळतात, माणसं कळत नाहीत. लग्नाचा अल्बम मी सोडणार नाही.
— एक वाचक, मिरज

ताई, नका सोडू. पण तुमच्या लग्नाचा अल्बम म्हणजे वेलवेटच्या पेटीतला, हो ना? आमच्या घरीही आहे, वजन काट्यावर करण्यासारखं. मोबाइलनं एकेक पान टिपून घ्या, एका दुपारचं काम आहे. जुने काळे-पांढरे फोटो, ज्यांची निगेटिव्ह आता कुठंच नाही, ते तेवढे सुटे करून कागदपत्रांच्या पिशवीत घाला. उरलेला अल्बम विश्रामबागेतल्या किंवा कुपवाडच्या बहिणीकडं पावसाळ्यापुरता पोचता करा. गाडी लावायला विचारणारच आहात, तेव्हाच हेही विचारा.